तेओचा खालचा दात

भांडण सुरू झालं ते सकाळी अंथरुणं आवरताना.

"रात्रभर नुसतं कर्र कर्र, कर्र कर्र! कुणाच्या पलंगाखाली आहे तो उंदीर? आत्ताच्या आत्ता बोला, नाहीतर मी आजपासून स्वयंपाकघरात झोपायला जाते," रोसमेरी म्हणाली.

रोसमेरी अकरा वर्षांची, सान ब्लास बालगृहातली सगळ्यांत थोरली मुलगी. आपलं थोरलेपण कुणी विसरू नये म्हणून ती रोज काही ना काही तक्रार करायचीच, पण आजच्या तक्रारीला साक्षीदार निघाले. खोलीतल्या निम्म्या पोरांनी तो आवाज ऐकला होता. कुणी म्हणालं कपाटामागून येतो, कुणी म्हणालं छतातून, आणि एकाने तर उंदीर मांजराएवढा असल्याचं शपथेवर सांगितलं.

"पाव कुरतडत असेल," कुणीतरी म्हणालं.

"झोपायच्या खोलीत पाव कुठून येणार रे, मठ्ठा? खायला काही नसताना उंदीर येतो तो एकाच कामासाठी येतो." रोसमेरीने आवाज खाली आणला. "दातवाला उंदीर आहे तो."

दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवायचा, रात्री दातवाला उंदीर येऊन तो घेऊन जातो आणि त्याच्या जागी चॉकलेटचा तुकडा ठेवतो, हे सुक्रे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शहरात चॉकलेटची दुकानं रग्गड, पण सान ब्लासमध्ये चॉकलेट मिळायचं ते नाताळला, नाहीतर उंदराकडून. त्यामुळे पोरांची उंदरावर जेवढी श्रद्धा होती, तेवढी सकाळच्या प्रार्थनेवर असती तर बालगृह चालवणाऱ्या मदर ग्रिमानेसा धन्य झाल्या असत्या. रोसमेरीला खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. तिने चेहरा मात्र एखाद्या पाद्रीबाबासारखा गंभीर ठेवला होता.

"म्हणजे कुणाचा तरी दात पडायला आलाय," ती म्हणाली. "चला, आ करा सगळ्यांनी!"

झालं! चादरी टाकून पोरं एकमेकांच्या तोंडात डोकावू लागली. याचा हलतोय का, तिचा हलतोय का, अरे बोट काढ, चावेन हं! एवढ्यात पलंगावर उभं राहून एक पोर ओरडलं.

"माझा! माझा हलतोय! बघा, पुढे जातो, मागे जातो!"

तो तेओ होता. तेओफिलो कोल्के, वय सहाच्या आसपास, कान मोठे, खालचा पुढचा दात जिभेने ढकलून दाखवत होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या पलंगापाशी त्याची बहीण दामारिस अर्धी घडी घातलेली चादर हातात धरून उभी होती, तिच्या काळजात धस्स झालं.

आता दात पडण्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण सान ब्लासची तऱ्हाच वेगळी. तिथे मुली राहायच्या आणि लहानगे मुलगे राहायचे. मोठ्या मुलग्यांची रवानगी व्हायची पोतोसीला, पाद्र्यांच्या घरात. आता लहान कोण आणि मोठा कोण हे ठरवायचं कसं? निम्म्या पोरांच्या जन्मतारखेचा पत्ता नाही; कुणी बाजारात सापडलेलं, कुणाला शेजारणीने दारात आणून सोडलेलं. म्हणून मदर ग्रिमानेसांनी फार वर्षांपूर्वी सुटसुटीत नियम करून टाकला होता. पहिला दुधाचा दात पडला की मुलगा मोठा झाला. उंदराने त्याला चॉकलेट दिलं की मदर त्याची पिशवी भरायच्या, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायच्या आणि पोतोसीच्या बसमध्ये बसवून यायच्या. जाणारं पोर तोंडाला चॉकलेट लावून खिडकीतून हात हलवायचं. आणि मागे एखादी बहीण असली तर? मागे बहिणी राहायच्याच की. त्यांचा विचार नियमात नव्हता.

दामारिसला हे सगळं नीट ठाऊक होतं. तिला नववं लागलं होतं आणि तिला आणखीही बरंच काही आठवत होतं, जे तेओला आठवत नव्हतं. आई अर्जेंटिनात टोमॅटो खुडायला गेली तो बसअड्डा तिला आठवत होता. "भावाचा हात सोडू नकोस, मी आलेच," असं म्हणून आई गेली ती गेलीच. मग आजीने सांभाळलं. मग आजीही गेली. दामारिसने मात्र हात सोडला नव्हता. तो तिने धरला होता, धरला होता, आणि आता एक दीडदमडीचा दात तिच्या जिवावर उठला होता.

त्याच दिवसापासून तिने तेओचा ताबा घेतला.

"आजपासून भाजलेला मका बंद," तिने अंगणात त्याला बजावलं.

"का?"

"कडक असतो. सफरचंद बंद. शिट्टी बंद. चेंडूला डोकं मारायचं नाही."

"आणि पायाने?"

"हळू."

"आणि हसायचं?"

दामारिसने विचार केला. "हस, पण ओठ मिटून."

तेओने लगेच ओठ मिटून हसून पाहिलं आणि हातातल्या आपीचा, म्हणजे जांभळ्या मक्याच्या त्या गरम घट्ट पेयाचा, घोट त्याच्या नाकातून बाहेर आला. मग दोघंही हसत सुटली, आणि हसता हसता दामारिस त्याचा दात जागेवर आहे की नाही ते बघत राहिली.

खरी पंचाईत अशी की खुद्द तेओ दाताच्या बाजूचा होता. त्याला चॉकलेट हवं होतं, आणि चॉकलेटपेक्षाही पोतोसी हवं होतं.

"पोतोसीला गोलला खरीखुरी जाळी आहे," तो म्हणायचा. "इथल्यासारखे दोन दगड नाहीत."

"पोतोसीला पाणी गोठतं. तोंड धुवायला गेलास तर नळातून बर्फ पडेल."

"मग तोंड धुवायलाच नको!" तेओची कळी खुलली.

"आणि मी नसणार तिथे."

"का? तू पण ये ना."

"मुलींना घेत नाहीत."

तेओने तिच्या लांब वेण्यांकडे पाहिलं. "मग केस काप," तो म्हणाला आणि चेंडूमागे पळाला.

काय करणार अशा पोराचं! दामारिस रोज त्याच्या वाट्याचा भाजलेला मका स्वतः खायची, आणि आपल्या वाट्याचं मऊ लागवा, मक्याच्या पिठाचं दाट सूप, त्याच्या ताटलीत ओतायची. मका चावताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हल्ली सकाळी उठली की तिचा जबडा ठणकायचा, रात्रभर कुणी गुद्दे घातल्यासारखा. गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेला फोड उठले होते, मीठ लागलं की जीव जायचा. पण तिला स्वतःच्या तोंडाकडे बघायला सवड कुठे होती? सगळं लक्ष तेओच्या तोंडात.

आणि त्या मेल्या उंदरात. दात अजून पडलाही नाही, आणि हा आधीच येऊन मुक्काम ठोकून बसला! रोज सकाळी रोसमेरी जाहीर करायची, "काल पण आला होता. काल जास्तच कुरतडत होता." ते ऐकलं की दामारिस वाकून सगळे पलंग खालून तपासायची. तिला स्वतःला तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता, याचाच तिला जास्त राग होता.

शेवटी ती स्वयंपाकघरात गेली. प्रिमितिवा मावशी तिथे बटाटे सोलत होती. मावशी अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी, आणि तिची एक पिवळी मांजर होती, कानेला नावाची.

"मावशी, तुमची मांजर देता का? झोपायच्या खोलीत उंदीर आहे."

"देते की! कानेलाने आजवर एक उंदीर सोडलेला नाही. पण दातवाला असेल तर बघ हं, त्याला खाल्लं तर पोरं मला फाडून खातील."

"खाऊ दे," दामारिस म्हणाली. मावशीने सोलणं थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि मांजर तिच्या हातात दिली.

कानेलाला खोलीत सोडलं. सकाळी पोरं उठून बघतात तर मांजर दामारिसच्या उशीवर कान टवकारून बसलेली, आणि डोळे थेट दामारिसच्या तोंडावर! जरा म्हणून हलेना.

"काय पण शिकारी!" रोसमेरी म्हणाली. "उंदीर राहिला बाजूला, ही बया हिचीच राखण करत बसली."

"माझ्या मांजरीला नाव ठेवायचं काम नाही," मावशीने दारातून दम भरला. "कानेला कधी चुकत नाही."

मग दामारिसने स्वतःच जागायचं ठरवलं. हाताला चिमटे काढत, मनात पाढे म्हणत ती पहाटेपर्यंत जागी राहिली, आणि उंदीर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं टवटवीत उठली, फक्त दामारिस शाळेत बाकावर डोकं टेकून घोरली. पण मनातून ती खूश होती. उंदीर तिला घाबरला होता! त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली, आणि सकाळी रोसमेरी म्हणाली, "आज तर कहरच केला त्याने. सुतार आणून बसवल्यासारखं वाटत होतं."

"लबाड कुठला," दामारिस दुखरा जबडा चोळत पुटपुटली. "मी जागी असले की बरा येत नाही!"

शनिवारी दंतवैद्यकाच्या कॉलेजातले विद्यार्थी आले. ते अधूनमधून यायचे, अंगणात तुतीच्या झाडाखाली स्वयंपाकघरातली खुर्ची टाकायचे, कपाळावर दिवा बांधायचे आणि रांगेने पोरांचे दात बघायचे. त्यांच्यातली लिझेत शेवटच्या वर्षाला होती, ठेंगणी, हसरी, आणि पोरं तिला डॉक्टरताई म्हणायची. तेओ खुर्चीत बसला तोच तोंड उघडून.

"पाडा, डॉक्टरताई! आत्ता पाडा!"

"नको!" दामारिस रांग मोडून धावत आली. "पाडू नका! उलट चिकटवून द्या."

"काय करू?" लिझेतला नीट ऐकू आलं की नाही कळेना.

"चिकटवा. गोंद असतो ना तुमच्याकडे? प्रिमितिवा मावशीच्या कवळीला लावला होता तसा."

"माझ्या कवळीची जाहिरात करू नकोस गं!" मावशी खिडकीतून ओरडली.

लिझेत पोट धरून हसली. "अगं, दुधाचा दात हा, जायलाच आलाय. खालून नवा ढकलतोय त्याला. मी हा चिकटवला तर नवा कुठून येईल, कानातून?"

तेओने घाबरून कान चाचपून पाहिले. रांगेतली पोरं खिदळली.

"मी पाडत नाही," लिझेत म्हणाली. "दोन-चार दिवसांत आपला आपण पडेल. उठ रे बाळा. आता तू बस."

दामारिस बसली. तिने आ केला, लिझेतने आत आरसा घातला आणि तिचं हसू विरलं. मग तिने दिवा जरा बाजूला केला.

"वय किती तुझं?"

"नववं लागलंय."

"आणि दात आजीकडून मागून आणलेस का? दाढा सपाट झाल्यात. सुळ्यांना टोक म्हणून उरलेलं नाही. गाल आतून चावलेला, जिभेला फोड..." तिने दामारिसच्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यावर बोट दाबलं. दामारिस कळवळली. "रात्री झोपेत दात खातेस तू. करकरा खात असशील. कुणी ऐकलं नाही?"

मग रोसमेरीच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडताना सगळ्यांना दिसला.

"ही आहे उंदीर!" ती किंचाळली. "उंदीर हीच आहे! आमची झोप हिने खाल्ली!"

मग काय विचारता! अंगणात नुसता गोंधळ. कुणी उंदरासारखं चालून दाखवतंय, कुणी कर्र कर्र करतंय. प्रिमितिवा मावशी तर कानेलाला काखेत मारून बाहेरच आली. "मी सांगत नव्हते? माझी मांजर चुकत नाही! ती बरोबर उंदराच्या तोंडापुढे बसली होती!"

दामारिसचे कान तापले. आधी लाज वाटली. मग एकदम हायसं वाटलं, की उंदीर नाही म्हणजे तेओच्या दातावर कुणी टपलेलं नाही. आणि मग लिझेतचे शब्द आठवले. दोन-चार दिवस. हायसं वाटलेलं सगळं जागच्या जागी आटलं.

लिझेतने पोरांना हाकललं आणि तिच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली, "पोरं उगाच दात खात नाहीत. मनात काहीतरी डाचत असतं तेव्हा खातात. तुला काय डाचतंय?"

दामारिसच्या ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरताईला सांगितलं की ती मदरना सांगणार, मदर तेओचं तोंड बघणार, आणि मग दात पडायचीही वाट कोण बघतंय?

"काही नाही," ती म्हणाली.

लिझेत ओसरीवर मदर ग्रिमानेसांना गाठायला गेली. मदर उंच, काटकुळ्या, त्यांची सावलीसुद्धा ताठ पडायची. दामारिस खुर्चीतून कान लावून ऐकत होती.

"मदर, त्या मुलीला कसली तरी धास्ती आहे. रात्री दातांवर घालायला मी प्लेट करून आणते, पण त्याने दात वाचतील, धास्ती जाणार नाही. ती कसली ते तुम्हीच शोधायला हवं."

"जंत आहेत," मदर म्हणाल्या.

"जंत नाहीत हो, मदर. जंतांनी कुणी दात खात नाही, तो जुना गैरसमज आहे."

"बाळ, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी पोरं वाढवतेय. दात खाणारं पोर म्हणजे जंत."

विषय संपला. त्याच संध्याकाळी मदरनी पाइकोचा काढा उकळायला लावला, आणि एकीला आहेत म्हणजे सगळ्यांनाच असणार, या हिशेबाने घरातल्या एकूण एक पोराला पाजला. पाइकोच्या पाल्याचा नुसता वास आला तरी बकरी तोंड फिरवते. पोरांनी नाकं दाबून तो गिळला आणि दामारिसकडे असं बघितलं की ती पुन्हा पलंगावर गेलीच नाही, कपाटाआड जाऊन बसली.

"उंदीरबाई, आज रात्री जेवण आटोपतं घ्या हं," रोसमेरी म्हणाली. "नाहीतर मोजा कोंबेन तोंडात. कालचा. न धुतलेला."

जंत कुणाचेच पडले नाहीत. दामारिसचं दात खाणंही थांबलं नाही.

अशात मृतांचा सण आला. सान ब्लासमध्ये प्रत्येक पोराचं कुणी ना कुणी गेलेलंच, त्यामुळे त्या सणाला स्वयंपाकघरात नाताळपेक्षा जास्त पीठ लागायचं. पोरं आपापल्या माणसाच्या नावाने पावाच्या बाहुल्या करायची, आणि त्यांना वर न्यायला पावाचे घोडे. दामारिसने आजीची बाहुली केली, पिठाच्या दोन वेण्या घालून. तेओने घोडा केला. त्याला पाच पाय झाले होते, पण तेओ म्हणाला आजी जाड होती, लागतील. सगळं भाजून गेलेल्यांसाठी घातलेल्या मांडवात फुलांच्या मधोमध दोन दिवस ठेवलं. दोन नोव्हेंबरला दुपारी, मेलेली माणसं जेवून परत निघाली की, तो पाव पोरांना वाटायचा. तोवर तो वाळून खडखडीत झालेला असायचा.

"घोडा सुपात बुडवायचा, भिजू द्यायचा, मग खायचा," दामारिसने तेओला सकाळपासून पढवलं होतं. "तसा चावायचा नाही. काय सांगितलं मी?"

"बुडवायचा," तेओ म्हणाला.

लांब टेबलाशी सगळी बसली. शेंगदाण्याचं सूप वाढलं गेलं. टेबलाच्या टोकाला मदर उभ्या राहिल्या आणि त्यांनी गेलेल्यांसाठी प्रार्थना सुरू केली. दामारिसने डोळे मिटले. आजीसाठी मिटायलाच हवे होते. आणि तिने डोळे मिटले की तेओने घोड्याची मान तोंडात घातली.

कट्‌!

"पडला!" तेओ आनंदाने खुर्चीवर उभा राहिला. हनुवटीवर रक्ताचा ओघळ, खालच्या दातांत ऐसपैस खिंडार, आणि हातात उंच धरलेला घोडा. घोड्याच्या मानेत दात पांढरा शुभ्र रुतून बसला होता. "पडला, पडला, पडला!"

प्रार्थना थांबली. "काय पडलं?" मदरनी विचारलं.

दामारिसला नंतर कधीच सांगता आलं नाही की ती कशी उठली. तिने घोडा हिसकावला, दात उपटला, मुठीत आवळला.

"माझा आहे," ती म्हणाली. "माझा दात पडला, मदर."

"खोटं!" तेओ भडकला. "माझा आहे! माझं चॉकलेट... आई गं!" टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ बसली होती.

"दामारिस," मदर म्हणाल्या, "इकडे ये."

मदर ग्रिमानेसांना खोटं अजिबात खपत नसे. दुसऱ्याचं नाही आणि स्वतःचंही नाही. एकदा बिशपनी प्रवचन कसं झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की लांबलं. सान ब्लासमध्ये खोटं बोलणाऱ्या पोराला सगळं अंगण गुडघ्यांवर बसून घासावं लागायचं. टेबलावरची पोरं चमचे खाली ठेवून बघत राहिली. तेओच्या तोंडातलं खिंडार सगळ्यांना दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"उघड तोंड," मदर म्हणाल्या.

आता संपलं, हे दामारिसला कळलं. तरी तिने तोंड उघडलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मदरनी चष्मा लावला, तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि रिकामी जागा शोधायला सुरुवात केली. खाली नव्हती. वर नव्हती. त्यांनी बोट आत घातलं. बोट मागच्या दाढेवर गेलं, तिथे थांबलं, मग पलीकडच्या दाढेवर गेलं. गालाच्या आतल्या बाजूला लागलं तशी दामारिस आखडली, पण तिने तोंड मिटलं नाही. तिचा जबडा थरथरत होता आणि तो आपल्याला थांबवता येत नाही म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता. मदरचा चेहरा इतका जवळ होता की त्यांच्या चष्म्यावरचे ओरखडे तिला दिसत होते. त्या ओरखड्यांमागचे डोळे आता शोधायचे थांबले होते. ते नुसते बघत होते.

मदरनी बोट बाहेर काढलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, तेओकडे, त्याच्या हनुवटीवरच्या रक्ताकडे. मग दामारिसच्या आवळलेल्या मुठीकडे.

"हे जंतांनी नाही केलेलं," त्या अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग तितक्याच हळू त्यांनी विचारलं, "पोतोसी?"

दामारिसने मान डोलावली, आणि इतके दिवस अडवून धरलेलं पाणी घळाघळा वाहायला लागलं, नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून. मदरनी बाहीने तिचं नाक पुसलं. खुद्द स्वतःच्या बाहीने! रोसमेरीचा आ वासला तो तसाच राहिला. मग मदरनी तळहात दामारिसच्या हनुवटीखाली ठेवून तिचं तोंड हळूच मिटलं आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"दात दामारिसचा आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

पोरं तेओच्या खिंडाराकडे बघू लागली.

"पण मदर," रोसमेरीला राहवलं नाही, "तेओच्या तर तोंडात..."

"रोसमेरी, सूप पी."

"पण मदर, ते रक्त..."

"दोन वाट्या पी."

रोसमेरी सूप पिऊ लागली. तेओ मात्र रडकुंडीला आला होता. खिंडारात बोट घालून तो म्हणाला, "मग माझं चॉकलेट?"

"तुला मिळेल. तोंड मिटून बस आणि जेव."

"तोंड मिटून कसं जेवायचं?"

"शीक," मदर म्हणाल्या.

टेबलाच्या एका टोकाला कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसऱ्या टोकाला, आणि थोड्याच वेळात चमच्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. दामारिस जागेवर गेली नाही. ती मदरच्या झग्यापाशी उभीच राहिली. तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती न सांगता बसलं असतं तर घास गिळवला नसता.

"मदर," ती कुजबुजली, "त्याच्या शेजारचापण हलतोय."

मदरनी तिच्याकडे पाहिलं. "मग तोही तुझाच."

"आणि वरचे?"

"वरचेही."

"आणि मग दाढा पडतील तेव्हा?"

"दामारिस, त्याचे सगळे पडेपर्यंत सगळे तुझेच," मदर ग्रिमानेसा म्हणाल्या. "आता जेव. सूप निवतंय."

दामारिसने मूठ उघडली, दात खिशात टाकला आणि तेओच्या शेजारी जाऊन बसली.